माप

पुंता अरेनासला वारा नेहमी आडवाच येतो.
दुकानाचं दार धरायला एलिएसेर,
मागे मी,
आणि माझ्याही पुढे माझं पोट.

याच्या खिशात पितळी माप,
खेकड्याच्या कवचाला लावायचं.
बोटीवर दिवसभर तेच काम:
मापात भरला तर टोपलीत,
लहान निघाला तर समुद्राला परत.
सुईणबाई म्हणाल्या होत्या,
पाळण्याच्या दोन गजांमधून
सोड्याचा डबा आत जाता कामा नये.
डबा कशाला, म्हणाला हा,
आणि कानशीने मापाच्या दांड्यावर
सहा सेंटिमीटरला एक खूण पाडली.

दुकानातले पाळणे सगळे पांढरे,
सगळ्यांवर तोच एक झोपाळू ससा.
एकाचा कठडा खालीवर सरकायचा.
याने दोनदा सरकवला,
तिसऱ्यांदा कठडा अडकला, आणि त्यात याचा अंगठा.
हा नको, म्हणाला अंगठा चोखत.
क्षणभर मला कळलं
आमचं बाळ कसं दिसेल.

किंमती वाचून दोघंही गप्प झालो,
आणि दानित्साबाईंकडे गेलो.

त्यांनी चादर ओढली.
खाली पाळणा, गोदीतल्या सुताराने केलेला,
एक खिळा नाही, नुसते सांधे,
बोटीचा तळ जोडावा तसे.
वरच्या दांडीवर दातांच्या खुणा,
ओळीने, बारीक, उंदराने कुरतडल्यासारख्या.
"माझी चार वाढली यात."
मी हात फिरवला. हात निघेना.
"पैसे नकोत. दोन खेकडे आण कधीतरी, झालं."

एलिएसेरने माप लावलं.
खूण राहिली बाजूला,
माप आरपार गेलं,
मापामागून मूठ,
मुठीमागून लोकरीची बाही.

मला वाकणं जमेना, म्हणून जमिनीवरच बसले.
तिथून फळीची खालची बाजू दिसत होती.
सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेली नावं, पुढे सालं.
इवका. स्तिपे. मारिन्का.
मी बोट न लावता मोजली.
पाच.

याच्याकडे पाहिलं.
याचीही मोजून झाली होती.

"आमचा जिना फार अरुंद आहे, बाई," हा म्हणाला.

आमचं घर बैठं आहे.
दानित्साबाई समोरच राहतात,
वीस वर्षं आमचं छप्पर
त्यांच्या खिडकीतून बघतायत.
"हो ना," त्या म्हणाल्या, "जिना."
आणि चादर पुन्हा ओढली,
चारी कोपरे खोचले,
घाई न करता.

शेवटी दुकानातलाच घेतला, सशाचा,
न सरकणाऱ्या कठड्याचा, सहा हप्त्यांवर.
गादी इतकी कडक, की मी म्हटलं
बाळ येतंय की कैदी?
कडकच हवी म्हणे.
उशी नको, झालर नको, खेळणं नको.
सासूबाईंनी चिलोएहून पाठवलेली लोकरीची उशी
खुर्चीवर बसून आहे, पाहुणीसारखी.

जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला.
हा म्हणाला, जास्तीचा दिला असेल.
मग रात्री अकराला
सगळा पाळणा उलगडून पुन्हा जोडला.
स्क्रू उरलाच.

"सापळ्याला आम्ही खिडकी ठेवतो,"
फरशीवर आडवा पडून हा सांगत होता,
"लहानग्यांना निसटता यावं म्हणून.
आणि आता बघ,
गज मोजत बसलोय."
मी काही बोलले नाही.
आत कोणीतरी कूस बदलत होतं.

सोमवारी बोट गेली.
तळ करकरतो का बघावं, म्हणून
पिठाची तीन किलोची पिशवी
मी गादीवर उताणी ठेवली.
वाऱ्याने पत्रा रात्रभर वाजत राहिला.

दोनदा उठले.
दोन्ही वेळा पीठ जागेवर होतं.